ओट्यावरचा उजेड

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझ्या हातगुणाची नव्याने ओळख करून द्यायला नको. गळका नळ दुरुस्त करताना मी स्वयंपाकघराचे तळे केले होते, ती हकीकत काही वाचक अजून पत्रांतून आठवणीने विचारतात. तेव्हा यंदाच्या दिवाळी अंकात विजेच्या कामाविषयी लिहिणार आहे असे मी घरात जाहीर करताच सौ. म्हणाली, "लिहा, पण त्या वायरमनचं नाव आधी लिहा." आपले नाव छापू नये असे त्या भल्या माणसाने स्वतःच बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. पण या लेखात जे शहाणपणाचे आहे ते त्याचे आणि जे वेडेपणाचे आहे ते माझे, एवढे आरंभीच कबूल करून टाकतो.

गोष्ट सुरू झाली ती श्रावणात. आमची आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे तिची विळी सुटली, पण ओट्याशी उभे राहून, सुरी आणि पाट घेऊन भाजी चिरण्याचे खाते तिने कोणाकडे सोपवले नव्हते. एके दिवशी गवार मोडता मोडता मध्येच काकडी चिरायला घेतली आणि सुरी अंगठ्यावर आली. तिने कोणाला सांगितले नाही. चिंधी बांधून बसली. दुसऱ्या दिवशी तिने निवडलेल्या मेथीत गवताच्या काड्या निघाल्या आणि आमच्या नातवाने त्या ताटाबाहेर काढून नीट ओळीने मांडून ठेवल्या. पोरच ते! आई काही बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आलीच नाही. सौ.ने हाक मारली तेव्हा म्हणाली, "आता मला दिसत नाही गं. उगीच तुमच्या मध्ये लुडबूड कशाला?"

घरातल्या म्हाताऱ्या माणसाने आपणहून काम सोडले की घर शांत होते. पण ती शांतता चांगली नसते. आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले आणि सांगितले की मोतीबिंदूची सुरुवात आहे, शस्त्रक्रियेची आजच घाई नाही, वाचायचा चष्मा बदला. आणि मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो आम्हाला अनपेक्षित होता. "तुमच्या ओट्यावर उजेड कुठून येतो?"

मी म्हणालो, "छतावर दिवा आहे. चांगला झगझगीत आहे."

"आणि आजी उभ्या राहिल्या की तो त्यांच्या पाठीमागे येत असेल," ते म्हणाले. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या माणसाच्या पडद्यावर पोहोचतो, असे त्यांनी समजावून सांगितले. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. चौऱ्याऐंशीव्या वर्षाची गोष्ट विचारायलाच नको. "उजेड जास्त हवा, पण तो डोळ्यांत जाता कामा नये, कामावर पडला पाहिजे." त्या फीमध्ये एवढे एक वाक्य मिळाले, तरी ती वसूल झाली असे मी समजतो.

घरी येऊन मी ओट्याशी उभा राहिलो आणि चाळीस वर्षे संसार केलेल्या माणसाने जे पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते ते पाहिले. पाटावर माझीच सावली पडली होती. शिवाय 2021 साली आम्ही हौसेने ओट्यावर भिंतीतली कपाटे करून घेतली होती. त्यांच्या पोटाखाली तर दुपारीसुद्धा तिन्हीसांज. मी खिशातला मोबाइल काढला, त्याची बॅटरी लावून कपाटाच्या खाली, पुढच्या कडेशी धरली आणि आईला हाक मारली. मेथीची एक जुडी तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा सारखा केला, दोन क्षण पाहिले आणि पाल्यातून गवताची एक काडी नेमकी ओढून काढली. मग दुसरी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, मला दिसतंय की!"

ते शब्द ऐकल्यावर कोणता मुलगा स्वस्थ बसेल? पण मी वायरमनला बोलावले नाही. स्वतःच बाजारात गेलो.

दुकानात कपाटाखाली लावायच्या दोन फुटी एलईडीच्या नळ्या टांगलेल्या होत्या. सरळ घरच्या 230 व्होल्टवर चालणाऱ्या, दोन तारा जोडल्या की झाले. आमच्याकडे तारा तयारच होत्या. कपाटे होण्यापूर्वी ओट्यावरच्या भिंतीला जुनी चार फुटी ट्यूब होती. सुताराने ती काढली आणि तिच्या तारांच्या टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळून त्या कपाटाखाली मागच्या कोपऱ्यात खोचून ठेवल्या. बोर्डावरचे तिचे बटण जागच्या जागी होते. मी म्हटले, परमेश्वरानेच सोय करून ठेवली आहे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी विजेला भितो. बटण बंद केले होतेच, पण तारांना हात लावण्यापूर्वी मी घराचे मेनच खाली ओढले. बाहेर सौ. आणि तिची बहीण दूरदर्शनसंचासमोर एका मालिकेत बुडून गेल्या होत्या. संच बंद पडताच सौ. दारात येऊन म्हणाली, "अहो, बटण बंद केलंय ना? मग मेन कशाला हवं बंद करायला? दोन तारा जोडायला सगळं घर अंधारात!" मेव्हणी हसली. मी मुकाट्याने काम उरकले. त्या दिवशी घरात माझ्या भित्रेपणाची बरीच शोभा झाली. ती लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचे आहे.

नळी लागली. ओटा उजळला. आई पुन्हा पाटाशी आली. पण ती नळी फार प्रखर होती. तिचा नुसता ठिपका पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटमध्ये पडे आणि तिथून थेट डोळ्यांत येई. शिवाय आई रात्री दोन-तीन वेळा पाण्यासाठी उठते. तेव्हा तो दिवा लावला की तिला क्षणभर काहीच दिसेनासे होई आणि न लावला तर ती अंधारात चाचपडे. म्हणजे हवा होता एकच दिवा: कामाच्या वेळी भरपूर, रात्री मंद. आई म्हणाली, "आमच्या कंदिलाला ही सोय होती बाई. वात खाली केली की झालं."

वात खाली करायची कळ! माझ्या डोक्यात चक्र फिरू लागले. माळ्यावर जुन्या पंख्याचा रेग्युलेटर पडला होता. पंखा हळू होतो, मग दिवा का होऊ नये? रविवारी, पुन्हा मेन बंद करून, मी तो बोर्डात बसवला. दिवा मंद झाला नाही. तो डोळे मिचकावू लागला आणि त्यातून माशी घोंघावावी तसा आवाज येऊ लागला. नातू खुशीत येऊन नाचू लागला. सौ. म्हणाली, "काढा ते आधी." काढले.

आणि त्याच रात्री, पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा कपाटाखाली भूत बसलेले पाहिले.

बटण बंद होते. आणि तरी ती नळी जळत होती. जळत होती म्हणजे काय, राखेखालच्या निखाऱ्यासारखी, अगदी पुसट, निळसर. दिवे बंद असल्याशिवाय दिसणार नाही इतकी. मी बटण दोनदा चालू-बंद केले. ती तशीच. सकाळी घरात चर्चा झाली. नातवाच्या मते ते खरोखरच भूत. सौ.च्या मते माझ्या रेग्युलेटरचा प्रताप. मी मात्र शोध लावला की हा फुकटचा रात्रीचा दिवा आहे आणि बिलात न धरता मिळाला आहे. आई एवढेच म्हणाली, "विझवल्यावर जो विझत नाही, तो दिवा बरा नव्हे. कोणाला तरी दाखव."

वायरमन आला तो माझी चेष्टा ऐकायच्या तयारीने आलेला दिसला नाही. त्याने बटण बंद केले. नळीची जोडणी सैल केली. टेस्टरचे टोक एका तारेला लावले. टेस्टरमधला तांबडा दिवा पेटला. तो थांबला. पुन्हा बटणाकडे पाहिले.

"साहेब, बटण बंद आहे ना?"

"बंद आहे."

त्याने स्वतः जाऊन खात्री केली. परत टेस्टर लावला. तोच तांबडा दिवा. मग त्याने सौ.ला विचारले, "वहिनी, इथं पूर्वी जी ट्यूब होती, ती दिवाळीत कोण पुसायचं?"

"मीच की," ती म्हणाली. "दर दिवाळीला. स्टुलावर चढून, ओल्या फडक्यानं. फोडणीचा चिकटा बसतो ना, कोरड्यानं निघत नाही."

"बटण बंद करून?"

"हो तर. बटण बंद करूनच."

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वहिनी, तुमचं बटण बंद होत होतं. ट्यूबची वीज बंद होत नव्हती."

त्याने जे समजावले ते मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. प्रत्येक दिव्याकडे दोन तारा जातात. एक फेज, म्हणजे टाकीकडून येणारे पाणी. दुसरी न्यूट्रल, म्हणजे मोरीकडे जाणारी वाट. नळ नेहमी टाकीकडच्या पाइपावर हवा. तो मोरीकडच्या पाइपावर बसवला, तरी बंद केल्यावर वाहणे थांबते, आणि माणसाला वाटते की सगळे ठीक आहे. पण वरचा अख्खा पाइप पाण्याने भरून, दाबाखाली तसाच उभा असतो. कुठे भोक पडले की पाणी उसळलेच. आमच्या त्या एका बोर्डात, इमारत बांधणाऱ्या कोणीतरी, 1986 साली, लाल आणि काळ्या तारांची अदलाबदल केली होती. बटण न्यूट्रलवर होते. ट्यूब बंद असे, पण तिच्या अंगात 230 व्होल्ट सदैव उभे असत. सुताराने चिकटपट्टीत गुंडाळलेल्या त्या दोन टोकांपैकी एकातही तेच होते, चार वर्षे, आमच्या डाळ-तांदळाच्या डब्यांच्या खाली.

आणि ते भूत? आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारी. अशा विजेचा अगदी किंचित अंश शेजारून जाणाऱ्या तारांतून, भिंतीतून झिरपत राहतो. जुन्या तारेच्या बल्बला त्याचा पत्ताही लागला नसता. एलईडी इतकी अल्पसंतुष्ट की तेवढ्यावरही मिणमिणते. बटणात लाल ठिपक्याचा दिवा असला तरीही असे कधी कधी होते, आणि त्यात धोका नसतो. पण कारण कोणते ते टेस्टर लावल्याशिवाय कळत नाही.

सौ. खुर्चीवर बसली होती. ती एकदम म्हणाली, "अहो, तुम्हाला आठवतं? मी सांगायची, ती ट्यूब पुसताना हाताला मुंग्या येतात म्हणून."

मला आठवले. तिने एकदा नव्हे, दोन-तीन दिवाळ्यांना सांगितले होते. त्या जुन्या ट्यूबची पट्टी पत्र्याची होती, तिला अर्थिंगची हिरवी तार जोडलेलीच नव्हती, आणि चोकमधून पत्र्यावर थोडी थोडी वीज उतरत होती. मी तेव्हा काय केले होते? मी तिला म्हणालो होतो की हात वर धरून काम केले की मानेची शीर दबते. तिला मलम आणून दिले होते. एकदा तर शेजाऱ्यांच्या देखत थट्टाही केली होती की आमच्याकडे दिवाळीचा पहिला झटका फराळाचा नसतो, ट्यूबचा असतो. सगळे हसले होते. तीही हसली होती.

1989 ते 2020 म्हणजे बत्तीस दिवाळ्या. लाकडी स्टूल आणि पायांतल्या रबरी सपाता, एवढ्या दोन गोष्टी मध्ये होत्या. तिचा दुसरा हात कधी नळाला लागला असता तर? त्या दिवशी मी जेवलो नाही असे सांगितले तर वाचकांना ते नाटकी वाटेल, म्हणून सांगत नाही. पण मालिकेच्या वेळी ज्या भित्रेपणाला घर हसले होते, त्याच्यामुळे मी आज हे लिहायला आहे, हे मात्र सांगतो.

असो. आता कामाचे बोलू. कारण वायरमनने पुढच्या दोन दिवसांत जे केले ते ज्यांना घरी ओट्यावर उजेड हवा आहे त्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पहिल्या दिवशी त्याने दिव्याला हातच लावला नाही. घरातले प्रत्येक बटण तपासले. न्हाणीघराच्या दिव्याचेही तसेच उलटे निघाले. दोन्ही ठिकाणी फेज बटणावर आणली. हिरवी तार बोर्डातल्या अर्थिंगला खरोखर पोहोचते की नाही ते पाहिले. मग विचारले, "आरसीसीबी कुठे आहे?" मी मोठ्या ऐटीने एमसीबी दाखवले. तो म्हणाला, "हे तारेला वाचवतं, साहेब, माणसाला नाही." एमसीबी तारेवर भार फार झाला की पडतो. आरसीसीबी मात्र जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांचा ताळा घालत बसतो. मध्ये 30 मिलिअँपिअर जरी कुठे दुसरीकडे, म्हणजे एखाद्याच्या अंगातून जमिनीकडे गेले, तर क्षणात तोडतो. आमचा ओट्यावरचा 30 वॅटचा दिवा 130 मिलिअँपिअर घेतो. म्हणजे ज्या विजेवर तो धड पेटणारही नाही, तेवढी माणसाला पुरे होते. आता आमच्या मेनशेजारी तो बसला आहे. त्याच्यावर एक छोटे बटण असते. ते अधूनमधून दाबून तो पडतो की नाही हे पाहायचे. हे काम सौ.ने आपल्याकडे घेतले आहे, आणि त्यासाठी ती मालिका संपण्याची वाट पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी उजेड आला. आमचा ओटा साडेदहा फूट. शेगडीच्या डावीकडे चार फूट, उजवीकडे पाच. मधल्या भागावर, जिथे ज्वाळा आणि वाफ आहे, तिथे पट्टी लावायचीच नाही. एकूण नऊ फूट, म्हणजे पावणेतीन मीटर. एलईडीची चिकटपट्टीसारखी पट्टी मीटरला 10 वॅटची घेतली. हिशेब साडेसत्तावीस वॅटचा झाला. पट्टीला 230 व्होल्ट चालत नाहीत. मध्ये ड्रायव्हर नावाची डबी लागते, ती विजेचा दाब उतरवून देते. ती नेमकी तीसची घेऊ नये. कायम ताणलेला बैल लवकर बसतो. चौथा हिस्सा जास्त धरून आम्ही 40 वॅटची घेतली.

पट्ट्या 12 व्होल्टच्या मिळतात आणि 24 च्याही. 12 ला तेवढ्याच उजेडासाठी सव्वादोन अँपिअर वाहून न्यावे लागतात, 24 ला त्याच्या निम्मे. प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत वाटेत गळणारा दाब निम्मा होतो, आणि मुळातला दाब दुप्पट असल्याने प्रमाण पाहिले तर चौथाईच. म्हणून 24. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना ड्रायव्हरपासून वेगवेगळ्या तारा नेल्या; एकीच्या शेपटीला दुसरी बांधली नाही. तसे केले की शेवटचा तुकडा उपाशी राहतो. पट्टी कापायची ती तिच्यावर छापलेल्या कातरीच्या खुणेवरच. ड्रायव्हर ठेवला कपाटाच्या डोक्यावर, कोरड्या, मोकळ्या हवेत. शेगडीवर नाही, नळावर नाही, आणि भिंतीत चिणून तर नाहीच, कारण तोच कधीतरी आधी जाणार आणि तेव्हा हात पोहोचला पाहिजे.

पट्टी चिकटवली ती अल्युमिनियमच्या पन्हळीत, वरून दुधी झाकण. पन्हळ उष्णता ओढून घेते, झाकण ठिपके पुसून एकसारखा उजेड करते. आणि जागा? कपाटाच्या मागच्या भिंतीशी नाही, पुढच्या कडेला, फळीच्या मागे लपवून, तोंड किंचित भिंतीकडे. मागे लावली की भिंत उजळते आणि पाट अंधारात राहतो. पुढे लावली की हातावर, सुरीवर उजेड पडतो, आणि काळ्या ग्रॅनाइटमध्ये तिचे प्रतिबिंब डोळ्यांना बोचत नाही.

रंगाचीही गोष्ट आहे. पट्टीवर केल्व्हिनचे आकडे असतात. 2700 म्हणजे समईसारखा पिवळा, 6500 म्हणजे पावसाळी दुपारचा निळसर पांढरा. आम्ही 4000 चा घेतला. त्याखेरीज सीआरआय म्हणून एक आकडा असतो. तो 90 च्या वर असावा. स्वस्तातल्या पट्टीत टोमॅटो मेलेला दिसतो आणि तळणीतल्या करंजीचा बदामी रंग ओळखू येत नाही. सुगरणीला हे सांगावे लागत नाही, दुकानदाराला सांगावे लागते.

आता राहिली आईची वात. पंख्याचा रेग्युलेटर का फसला? तो विजेच्या प्रत्येक लाटेचा काही भाग कापून टाकतो, सेकंदाला शंभर वेळा. जुन्या बल्बची तापलेली तार तेवढी फट सहज भरून काढी. एलईडीच्या ड्रायव्हरला मात्र वाटते की कोणी आपल्याला छळते आहे. तो धडपडतो, घोंघावतो, आणि लवकर मरतो. म्हणून डिमर 230 च्या बाजूला लावायचाच नाही. तो ड्रायव्हर आणि पट्टी यांच्या मध्ये, 24 व्होल्टच्या बाजूला. तो दिवा मंद करत नाही, तो दिवा विझवतो आणि लावतो, सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा. जितका वेळ विझलेला जास्त, तितका उजेड आपल्याला कमी दिसतो. फिरणाऱ्या पंख्याची पाती जशी एक चकती दिसते, तसेच हे. घेताना तो आपल्या पट्टीचे अँपिअर झेलणारा आहे ना ते पाहावे. आणि एक परीक्षा घरीच करता येते: दिवा मंद करून त्याच्याखाली झारा भराभर हलवावा. झाऱ्याच्या जागी सुट्या सुट्या झाऱ्यांची रांग दिसली, तर डिमर हलका आहे, परत द्यावा.

सगळे मिळून काम दीड दिवसाचे. रोज चार तास पूर्ण उजेडात दिवा जळला तर आठ-नऊ दिवसांत एक युनिट. जुनी ट्यूब तिच्या चोकसकट याच्या जवळजवळ दुप्पट खात होती, आणि शिवाय आमचा जीव.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. दिवाळीची साफसफाई आता झालीच असेल. पण जो दिवा विझवल्यावर विझत नाही, जी पट्टी पुसताना हाताला मुंग्या येतात, त्याची थट्टा करू नका. स्वतः टेस्टर घेऊन स्टुलावर चढू नका. परवाना असलेल्या वायरमनला बोलवा आणि त्याला तीन प्रश्न विचारा: बटण फेजवर आहे का? हिरवी तार पोहोचते का? आरसीसीबी आहे का, आणि पडतो का? जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी तर हे प्रश्न दिव्याचा रंग ठरवण्यापूर्वी विचारावेत. आणि पुसायचेच असेल तर बटणावर विसंबू नका, मेन खाली ओढा. घरातले कोणी हसले तर हसू द्या.

वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्याकडे चकल्या झाल्या. आई पाटाशी उभी होती. सोऱ्यातून चकली पडली की तिचे टोक दाबून बंद करायचे काम तिचे. एकाही चकलीचे टोक तळणीत सुटले नाही. नातवाने मोजून पाहिले आणि या वेळी तो काही बोलला नाही, फक्त दोन उचलून पळाला. रात्री आवरून झाल्यावर आईने डिमरची गोल कळ फिरवली आणि ओटा सांजवातीएवढ्या उजेडात राहिला. "ही बघ वात खाली केली," ती म्हणाली. रात्रभर तो तसाच राहतो. ती उठते, पाणी पिते, परत जाते. तिच्या सपातांचा आवाज आता मध्येच अडखळत नाही.

त्या रात्री मात्र सगळे निजल्यावर मी उठून गेलो आणि बटण बंद केले. पाच मिनिटे तिथेच उभा राहून पाहिले. कपाटाखाली काहीही दिसत नव्हते. इतका चांगला अंधार मी आयुष्यात पाहिला नव्हता. मग बटण पुन्हा लावले, वात खाली केली आणि येऊन झोपलो.

आपणा सर्वांना ही दिवाळी सुखाची आणि उजेडाची जावो.